आधी आकडा, मग आजोबांची गोष्ट

विमान कंपनीच्या स्टोअर्सबद्दल मागच्या अंकात लिहिताना शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती : कुणाकडे महायुद्धातल्या विमानाचा एखादा भाग असेल तर फोटो पाठवा, ओळखायला मदत करते. संपादकांनी आता पिशवीभर पत्रं आणि पेन ड्राइव्हभर फोटो माझ्या दारात आणून टाकलेत. निम्म्या पत्रांत ‘आजोबा सांगायचे’ हे शब्द आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांना आपली वस्तू स्पिटफायरचीच, म्हणजे इंग्रजांच्या त्या नावाजलेल्या लढाऊ विमानाचीच, हवी आहे.

मी इंजिनिअर नाही, वैमानिक तर नाहीच. सांताक्रूझला सुट्या भागांच्या स्टोअर्समध्ये नोकरी झाली, आता नौपाड्यात असते. विमान मला कळतं ते पार्ट नंबर, तपासणीचा शिक्का, टॅग आणि बिन कार्ड (कप्प्यावरचं नोंदीचं कार्ड) यांच्यातून. त्यामुळे माझी उत्तरंही त्याच अंगाने येणार. गोष्टी ऐकायला मला आवडतात, पण त्या आकडा वाचून झाल्यावर.

प्रश्न : कल्याणच्या वाड्यातून आम्ही इकडे राहायला आलो तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची एक खुर्ची सोबत आली. पणजोबा लष्करी छावणीला धान्य पुरवायचे. नेवाळीच्या धावपट्टीवर पडलेल्या स्पिटफायरमधली ही खुर्ची त्यांना एका गोऱ्या साहेबाने दिली, असं घरात सांगतात. बैठक घमेल्यासारखी खोल आहे, धड बसवत नाही. आजीने तिच्यात कित्येक वर्षं अळू लावलं होतं. पाठीला गोल भोकं आहेत, नावाची पट्टी नाही. ही स्पिटफायरचीच आहे ना? — एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तुम्हाला बसवत नाही, कारण तुमच्याखाली पॅराशूट नाही. त्या काळचे बरेच वैमानिक पॅराशूटची गादी पार्श्वभागाला बांधून विमानात चढायचे आणि ती गादीच बैठकीच्या खळग्यात बसायची. खळगा त्या गादीच्या मापाचा. पाठीची भोकं वजन कमी करण्यासाठी. त्यांच्या कडांवरून बोट फिरवून पाहा, त्या आत वळवलेल्या असतील. नुसतं भोक पाडलं तर पत्रा लुळा पडतो, कड वळवली की ताठ राहतो. तेव्हा खुर्ची विमानाची आहे, याबद्दल मला शंका नाही.

स्पिटफायरची मात्र नाही. तुम्ही खुर्ची उलटी करून फोटो काढलात हे फार चांगलं केलंत, कारण सगळं तिथेच आहे. खाली चार पायांना रुळावर सरकणाऱ्या खोबणी दिसतात. म्हणजे ही खुर्ची पुढे-मागे सरकत होती. स्पिटफायरची खुर्ची मागच्या चौकटीला टांगलेली असायची, ती फक्त वर-खाली व्हायची. पाय पुरत नसतील तर वैमानिक पायातली पेडलं जवळ ओढायचा. दुसरं, बैठकीच्या दोन्ही बाजूंना कापून टाकलेल्या नळीचे बुंधे आहेत. तिथे हात टेकायचे दांडे होते. एकट्या वैमानिकाच्या लढाऊ विमानात कोपर ठेवायलाही जागा नसते, दांडे कुठले! ही खुर्ची मोठ्या विमानातली आहे, जिथे दोन वैमानिक शेजारी-शेजारी बसत.

कुठल्या देशातली, तेही बरंचसं सांगता येतं. वरचा राखाडी रंग उडालाय तिथे खाली पिवळट हिरवा थर आहे. तो झिंक क्रोमेटचा प्रायमर, अमेरिकी कारखान्यांची आवडती सवय. एवढ्यावरून युद्धकाळ ठरवू नका, तो प्रायमर पुढेही कित्येक दशकं वापरात होता. पण पाठीच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे शाईची पुसट अक्षरं आहेत : ‘२४एस-टी’. हे सोनं समजा. पत्रा गिरणीतून निघतानाच त्यावर मिश्रधातूचं नाव ओळीने छापलेलं असतं. अमेरिकेत १९५४ साली ही नावं बदलून चार आकडी झाली आणि २४एस-टी चं २०२४ झालं. म्हणजे तुमच्या खुर्चीचा पत्रा १९५४ च्या आधीचा. मात्र पत्रा अमेरिकी म्हणून विमान अमेरिकी, हा हिशेबही आंधळेपणाने करू नये. युद्धात अमेरिकेचा माल ब्रिटनलाही जात होता. इथे खोबणी, दांडे, प्रायमर आणि पत्रा असे चारही साक्षीदार एकच सांगतायत म्हणून मी म्हणते, अमेरिकी मोठं विमान. पैज लावायची तर डाकोटावर, दोन इंजिनांच्या त्या मालवाहू विमानावर, लावीन.

नेवाळीचं म्हणाल, तर तिथे महायुद्धात धावपट्टी होती हे खरं. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनींचं भांडण २०१७ सालीही मलंग रस्त्यावर पेटलं होतं. कल्याणच्या छावण्याही खऱ्या, त्यातूनच पुढे उल्हासनगर झालं. पण डाकोटा युद्धानंतरही आपल्याकडे भरपूर उडली. लष्कराने मोडीत काढलेली अमेरिकी विमानं स्वस्तात मिळत होती, खासगी विमान कंपन्यांनी ती घेतली, आणि भंगारही त्याच वाटांनी बाजारात आलं. तुमची खुर्ची १९४४ मध्ये साहेबाने दिलेली असू शकते, तशीच १९५२ मध्ये पणजोबांनी वजनावर घेतलेलीही असू शकते. नावाची पट्टी जिथे होती तिथे रिव्हेटची (पत्रा जोडायच्या खिळ्यांची) चार भोकं राहिलीत. त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून पाठवा, पट्टी कुठल्या मापाची होती ते तरी कळेल.

आणि माती काढा, आजच. तळाला पांढरी पूड धरलीय तो अ‍ॅल्युमिनियमचा गंज. आपल्या खाडीच्या हवेत तो थांबत नाही. डिस्टिल्ड वॉटरने धुवा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, पातळ मेण लावा. चिंच, राख, पितांबरी, पॉलिश पेपर यातलं काहीही लावू नका, त्या शाईच्या अक्षरांवर तर मुळीच नाही.

प्रश्न : ताई, माझा जुन्या फर्निचरचा धंदा आहे. एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यातून सामान उचललं त्यात लालसर तपकिरी रंगाची, प्लास्टिकसारखी एक खुर्ची आली. मालकीणबाई म्हणाल्या फायटर विमानाची आहे. गिऱ्हाईक हसतं. म्हणतं, दुसऱ्या महायुद्धात प्लास्टिक कुठलं? एका कडेला ‘३००’ ने सुरू होणारा नंबर आहे. फेकून देऊ का? — एक व्यापारी, कौसा

उत्तर : भाऊ, हात लावू नका तिला! आणि त्या गिऱ्हाइकाला सांगा की बेकेलाइट १९०७ पासून आहे, त्याच्या आजोबांच्या घरातलं विजेचं बटणही त्याचंच असेल.

आधीच्या पत्रातल्या सगळ्यांना जी हवी होती ती कदाचित तुमच्याकडे आहे. स्पिटफायरच्या खुर्च्या सुरुवातीला धातूच्या होत्या. पुढे अ‍ॅल्युमिनियम वाचवायला हवं होतं, तेव्हा राळेत भिजवलेले थर साच्यात दाबून खुर्च्या बनवल्या गेल्या. त्यांचा रंग असाच, विटकरीकडे झुकणारा. आणि स्पिटफायरच्या सुट्या भागांचे नंबर त्या-त्या मॉडेलच्या (त्याला ‘मार्क’ म्हणत) टाइप नंबरने सुरू होतात : पहिल्या मार्कचा ३००, दुसऱ्याचा ३२९, पाचव्याचा ३४९, नवव्याचा ३६१.

आता इथे लोक हमखास उडी मारतात, तुम्ही मारू नका. ३०० म्हणजे मार्क १, मार्क १ म्हणजे १९४० ची ब्रिटनवरची हवाई लढाई, म्हणजे किंमत दहापट! असं नाही. तो नंबर ड्रॉइंगचा आहे, विमानाचा नाही. पहिल्या मॉडेलसाठी आखलेला भाग पुढच्या मॉडेलांत न बदलता वापरला तर त्याचा नंबरही बदलत नसे. आमच्या स्टोअर्समध्येही हेच चालायचं. एकच नंबराचा वॉशर तीन जातींच्या विमानांना, आणि नवीन पोरगा विचारायचा, मॅडम, हा कुठल्या विमानाचा? भारतीय हवाई दलाकडे स्पिटफायर होती ती प्रामुख्याने आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या मार्कची. तुमची खुर्ची त्यातल्या एखादीची असली तरी नंबर ३०० चाच असू शकतो.

मग पुढे काय बघायचं? नंबराजवळ छोटे गोल किंवा चौकोनी शिक्के शोधा. ‘सीबीएएफ’ अशी अक्षरं असली तर ती बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमविच कारखान्याची. वीस हजारांहून जास्त स्पिटफायर बनली, त्यातली बारा हजारांवर तिथली. त्यानंतर नकलेची शंका घ्या. जुनी स्पिटफायर पुन्हा उडवणाऱ्यांसाठी आणि संग्रहालयांसाठी नव्या खुर्च्याही बनतात, त्या बहुधा फायबरग्लासच्या. तुमच्या खुर्चीचा एक कोपरा उडालेला दिसतो. तो भिंगाखाली धरा. जुन्या मालाचे थर एकमेकांवर रचलेल्या कागदासारखे किंवा कापडासारखे दिसतील, सगळीकडे तोच तपकिरी रंग मुरलेला. फायबरग्लास असेल तर काचेचे चकचकीत धागे सुटलेले दिसतील आणि बोटाला खाजही सुटेल. हे पाहून फोटो पाठवा. आणि तोवर ‘ओरिजिनल’ अशी चिठ्ठी लावून ठेवू नका, धंदा तुमचा असला तरी.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनसाठी शिळफाट्याच्या एका गोदामातून स्पिटफायरची पायलट सीट घेतली. डीलरने पितळी पाटीही करून दिली. मागे दोन उभे रूळ, वर डोक्याची उशी, पुढे ओढायचे हँडल आहेत. काही अक्षरं उलटी-सुलटी छापलीत, ती वाचता आली तर सांगाल का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : अक्षरं उलटी नाहीत, रशियन आहेत. पितळी पाटी काढून टाका.

पण ती गोष्ट नंतरची. आधी कुणालाही त्या खुर्चीत बसू देऊ नका, हँडलला हात लावू नका, हलवू नका, खोली रिकामी करून कुलूप लावा. ही इजेक्शन सीट आहे, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर उडवणारी. तिच्यात स्फोटक काडतुसं असतात. मोडीत काढताना ती काढलेली असायला हवीत. ‘असायला हवीत’ यावर रिसेप्शनिस्टचा जीव टांगू नये. ११२ ला फोन करा, काय आहे ते स्पष्ट सांगा, बॉम्बशोधक व नाशक पथकाला पाहू द्या. डीलरकडे सरकारी लिलावाची कागदपत्रं मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर तेही पोलिसांना सांगा.

स्पिटफायरला अशी खुर्ची कधीच नव्हती. जर्मनांनी युद्धातच काही विमानांत असा प्रयोग केला होता, पण ब्रिटनमध्ये मार्टिन-बेकरच्या खुर्चीतून जिवंत माणूस पहिल्यांदा उडवला गेला तो २४ जुलै १९४६ ला, युद्ध संपल्यावर. स्पिटफायरचा वैमानिक काचेचं छत मागे सरकवायचा, डावीकडचं छोटं दार पाडायचा आणि स्वतःच बाहेर पडायचा. तुमची खुर्ची मिग घराण्यातली दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं, आता अशा ‘स्पिटफायर’ खुर्च्या बाजारात वाढणार, हे मी लिहून देते.

प्रश्न : मलंगगडाच्या ट्रेकला जाताना शेताच्या बांधावर रिव्हेट मारलेला अ‍ॅल्युमिनियमचा वाकलेला पत्रा मिळाला. जवळच नेवाळीची जुनी धावपट्टी आहे. विमानाचा असेल का? — एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : बाळा, फोटो मोठा करून पाहिला. रिव्हेटच्या डोक्याच्या मध्यभागी आरपार भोक आहे, म्हणजे बाहेरून एका बाजूने ठोकलेला पॉप रिव्हेट. युद्धकाळातल्या अमेरिकी विमानाच्या नेहमीच्या रिव्हेटच्या डोक्यावर जेमतेम टोचल्यासारखा एक खळगा असतो, किंवा बारीक उंचवटा, किंवा दोन छोट्या रेघा. त्या खुणांवरून आत कुठला मिश्रधातू आहे ते मेकॅनिकला कळायचं. तुझ्या पत्र्यावर कुठे नंबर नाही, शिक्का नाही, आणि हिरव्या रंगाखाली लाल आहे.

दापोडीच्या कार्यशाळेत एसटीच्या बसगाड्यांची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचीच बांधली जायची. तुला लाल डब्याचा तुकडा सापडलाय. पण नजर चांगली आहे तुझी, शोधत राहा.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या ट्रंकेत घड्याळासारखी काळी गोल वस्तू निघाली. तीन काटे, शून्य ते नऊ आकडे, खाली एक फिरवायचं बटण आणि छोटी खिडकी. मागे मुकुटाचं चिन्ह, ‘एएम’ अक्षरं आणि ‘६ए’ ने सुरू होणारा नंबर आहे. आकड्यांवरचा रंग तपकिरी पडलाय. बारावीतला मुलगा म्हणतो उघडून आत एलईडी बसवतो, नाइट लॅम्प होईल. करू दे का? — एक वाचक, कळवा

उत्तर : नको, ताई. त्याला उघडू देऊ नका. का ते शेवटी सांगते, आधी वस्तूचं कौतुक करू या, कारण या सगळ्या पत्रांत मला ही सर्वांत आवडली.

मुकुट आणि ‘एएम’ म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री. त्यांच्या स्टोअर्समध्ये प्रत्येक वस्तूला विभागाचा नंबर असे : ६ए म्हणजे विमानातली उपकरणं, ५सी विजेचं सामान, १० ने सुरू होणारे रेडिओचे, १४ए कॅमेऱ्याचे, १५ए पॅराशूटचे, २२सी वैमानिकाच्या कपड्यांचे. कुणी कधी काळी इतक्या शिस्तीत हे लावून ठेवलं की ऐंशी वर्षांनी कळव्यात ट्रंक उघडली तरी वस्तू कुठल्या रॅकवर होती ते मला सांगता येतं. स्टोअर्सवाल्यांना कुणी पदक देत नाही, म्हणून मीच सांगून ठेवते.

तुमच्याकडे अल्टिमीटर आहे, विमानाची उंची सांगणारं यंत्र. आत पातळ धातूची हवाबंद डबी असते. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, डबी फुगते, दात्यांमधून ती हालचाल काट्यांना मिळते. एक काटा शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा, सगळं फुटांत. खालच्या खिडकीत हवेचा दाब मिलिबारमध्ये दिसतो आणि बटणाने तो त्या दिवशीच्या दाबावर लावायचा. दाब रोज बदलतो, म्हणून उड्डाणाआधी हे करावंच लागे.

ते अजून जिवंत आहे का, हे न उघडता बघता येईल. जवळच्या एखाद्या उंच टॉवरमध्ये ओळखीचं कुणी असेल तर लिफ्टने जा. तळमजल्यावर बटण फिरवून मोठा काटा शून्यावर आणा, विसाव्या मजल्यावर जा, काचेवर अलगद टिचकी मारा. काटा दोनशेच्या आसपास सरकला तर सासऱ्यांच्या ट्रंकेतल्या त्या डबीत अजून जीव आहे. मुलाला हे करू द्या, नाइट लॅम्पपेक्षा जास्त मजा येईल. मागच्या नळीतून तोंडाने हवा ओढून काटा हलवायची युक्ती कुणी सांगेल. ती अजिबात करायची नाही.

आता कारण. आकड्यांवरचा तपकिरी रंग म्हणजे बहुधा रेडियमचा रंग. अंधारात दिसावं म्हणून झिंक सल्फाइडमध्ये रेडियम मिसळून तो लावत. आता चमकत नाही म्हणजे संपलं, असं लोकांना वाटतं. संपलेलं असतं ते झिंक सल्फाइड, मारा सोसून सोसून ते निकामी होतं. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. म्हणजे ते आहे तिथेच आहे. काच आणि डबी शाबूत असेपर्यंत धोका थोडा. काच उघडली, रंग खरवडला, पूड नखात गेली, तीच बोटं तोंडात गेली, की ते हाडांत जाऊन बसतं. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायच्या. त्यातल्या कितीजणींचे जबडे सडले, कितीतरी गेल्या. १९२० च्या दशकातली गोष्ट आहे.

आमच्याकडे अशा जुन्या तबकड्या वेगळ्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली उपकरण विभागाकडेच. तुम्ही ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, हात धुवा, झोपायच्या खोलीत ठेवू नका, हवा खेळती असेल अशा जागी उंचावर ठेवा. काच तडकली असेल तर लिफ्टचा प्रयोगही नको. अणुऊर्जा नियामक मंडळाचं कार्यालय अणुशक्तीनगरला आहे, कळव्याहून फार लांब नाही. त्यांना लिहून विचारा. कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे मात्र टाकू नका. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात कोबाल्ट-६० आलं, ते याच्यापेक्षा कित्येक पटींनी जहाल होतं आणि त्यात एका माणसाचा जीव गेला. भंगारवाल्याला कुणीच काही सांगत नाही, तो सगळं हातानेच फोडतो.

प्रश्न : माझे वडील साठच्या दशकात सीमा रस्त्यांच्या कामावर तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, होते. तिथल्या एका मिश्मी शिकाऱ्याने त्यांना धातूची छोटी पाटी दिली. तिच्यावर ‘ब्यूक’, ‘आर-१८३०-६५’ आणि खाली एक लांब नंबर आहे. आम्ही समजत होतो जुन्या ब्यूक मोटारीची असेल. पण त्या डोंगरात मोटार कुठून येणार? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : शंका बरोबर आहे. आर म्हणजे रेडियल, चक्राकार सिलिंडरांचं विमानाचं इंजिन. १८३० हे त्याचं घन इंचातलं आकारमान, म्हणजे सुमारे तीस लिटर आणि चौदा सिलिंडर. हे प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन. युद्धात इतकी इंजिनं लागली की मोटारी बनवणाऱ्या ब्यूक आणि शेव्हरोलेलाही ती बनवायचा परवाना मिळाला. डाकोटालाही १८३० च असे, पण तिचं बहुधा ‘-९२’. शेवटचा ‘-६५’ लिबरेटरकडे बोट दाखवतो. ते चार इंजिनांचं बी-२४ बॉम्बर, आणि त्याच सांगाड्यावर पेट्रोल वाहून नेणारी विमानंही केलेली होती.

आसामच्या छाबुआ, दिंजानसारख्या तळांवरून हिमालय ओलांडून चीनमध्ये कुनमिंगला माल नेणारी विमानं १९४२ ते १९४५ या रस्त्याने जात. त्या रस्त्याला वैमानिक ‘हंप’ म्हणत. ढग, बर्फ, वादळी वारे यांत शेकडो विमानं पडली आणि त्यातली बरीच आजच्या अरुणाचलच्या जंगलात आहेत. डोंगरातल्या लोकांनी पडलेल्या विमानांचा पत्रा घरच्या कामाला वापरला. तेव्हा शिकाऱ्याच्या हातात पाटी असणं अगदी शक्य आहे. दुसरी शक्यताही लक्षात ठेवा : कानपूरला पडून असलेल्या, निघून जाताना इंग्रजांनी मुद्दाम तोडफोड केलेल्या लिबरेटरमधून एचएएलने चाळीसेक विमानं पुन्हा उभी केली. १९४८ मध्ये हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनने ती घेतली आणि १९६८ पर्यंत आपण ती उडवली. इंजिनाची पाटी त्या मार्गानेही कुठेही पोचू शकते. पण शिकाऱ्याच्या हातून आली म्हणता, म्हणून मी पहिली शक्यता आधी तपासीन.

आणि ती तपासता येते, हे ऐकून तुम्ही थक्क व्हाल. अमेरिकी लष्कराचं विमान बेपत्ता झालं की एक अहवाल भरला जायचा. १९४३ पासून त्याचा ठराविक छापील नमुना होता. त्यात माणसांच्या नावांबरोबर विमानातल्या इंजिनांचे नंबर आणि मशीनगनचे नंबरही लिहायचे रकाने असत. म्हणजे कुण्या स्टोअर्सवाल्याने इंजिन विमानावर चढवताना रजिस्टरात नंबर उतरवला असेल, तर तुमच्या पाटीवरचा लांब नंबर थेट एका विमानापर्यंत आणि त्यातल्या माणसांपर्यंत जाऊ शकतो. ती माणसं अजून बेपत्तांच्या यादीत असू शकतात. अमेरिकेची एक सरकारी संस्था आजही अशा युद्धकैद्यांचा आणि बेपत्तांचा शोध घेते. अरुणाचलमधून मिळालेले अवशेष २०१६ मध्ये अमेरिकेला रवाना झाले होते.

म्हणून मी तुमच्या पाटीचा नंबर इथे छापायला दिला नाही. तुम्हीही तो सोशल मीडियावर टाकू नका. पाटीपेक्षा ती कुठे मिळाली ते जास्त मोलाचं आहे, आणि ते सांगू शकणारे वडील घरात आहेत. पाटी त्यांच्या हातात द्या आणि शेजारी वही घेऊन बसा. कॅम्प कुठे होता, कुठली नदी, रस्त्याचा कुठला टप्पा, शिकाऱ्याचं गाव कुठलं, तो किती दिवसांची वाट म्हणाला, विमान पाहिलं म्हणाला की नुसती पाटी मिळाली म्हणाला. त्यांना आठवेल त्या क्रमाने लिहा, मध्ये दुरुस्त करू नका. मग पाटीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि ती वही अमेरिकी वकिलातीमार्फत त्या संस्थेकडे पाठवा. ‘हंप’च्या विमानांचं एक संग्रहालय २०२३ मध्ये पासीघाटला उघडलंय, पाटी पुढेमागे द्यायची झाली तर तिथे द्या. मात्र ती घासून चकचकीत करू नका. मागच्या बाजूला तेलाचा आणि मातीचा जो थर आहे तोही तसाच राहू द्या.

प्रश्न : माझ्याकडे विमानातली दोघांची जोडखुर्ची आहे. हाताच्या दांड्यात राखदाणी आहे. महायुद्धातली म्हणून किती किंमत येईल? आणि जुनी वस्तू म्हणून सरकारकडे नोंद करावी लागेल का? — एक वाचक, वाशी

उत्तर : युद्धात डाकोटातून जाणारे सैनिक दोन्ही भिंतींना लावलेल्या पत्र्याच्या बाकांवर समोरासमोर बसत, अठ्ठावीस जण. त्यांना राखदाणी कुणी दिली नव्हती. तुमची खुर्ची प्रवासी विमानातली आहे. फोटोतल्या कापडावरून आणि सांगाड्यावरून ती युद्धानंतरची वाटते. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं त्याच्या आधीची की नंतरची, ते बैठकीखालची पट्टी पाहिल्याशिवाय सांगणार नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे शंभर वर्षं जुनी वस्तू येते, ही त्यात बसत नाही. किंमत मी कुणालाच सांगत नाही.

पुढच्या पत्रांसाठी एक विनंती. वस्तूचा फोटो समोरून एक, उलटी करून एक, आणि नंबराचा जवळून एक, टॉर्च बाजूने तिरका धरून. शेजारी फूटपट्टी ठेवा. नंबर वाचता येत नसेल तर त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा आणि तो कागदच पाठवा.